काच नसलेलं चित्र

वहिनी गेल्याचा निरोप मला एका बांधावर मिळाला. मी भूमापक आहे, कामासाठी केजला राहतो. त्या दिवशी केजजवळच्या एका शिवारात दोन भावांची हद्द कायम करायचं काम चाललं होतं आणि ते दोघं एका बाभळीवरून हमरीतुमरीवर आले होते. फोन माझ्या दादाचा होता. दादाला फोनवर बोलता येत नाही, तो हाका मारतो. त्या दिवशी त्यानं हाकही मारली नाही. "ये," एवढंच म्हणाला, आणि फोन तसाच चालू राहिला... मागं मेंढरांचा आवाज येत होता. मी यंत्र आवरायला घेतलं आणि काय झालं ते त्या दोघांना सांगितलं. धाकटा म्हणाला, "सायेब, बाभळीचं राहू द्या आता." थोरल्यानं मोटारसायकल काढली आणि मला युसूफ वडगावला दादाच्या दारात आणून सोडलं. वाटेत तो एकदाच बोलला. "आमच्या बापाचा फोटू वहिनीनंच काढलाय. तसाच दिसतो बगा, आत्ता खेकसंल असा."

फोटू हा शब्द वहिनींना आवडत नसे. त्या चित्र काढत. सुमनवहिनी नेकनूरच्या. लग्नाआधीच चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्यांनी दिलेल्या होत्या. आमच्या घरात मात्र रंग म्हणजे मेंढरांच्या पाठीवर लावायचा गेरू, कळपात कळप मिसळला तर आपलं जनावर ओळखू यावं म्हणून. अशा घरात येऊन त्यांनी आधी शाळेच्या भिंती रंगवल्या आणि मग गेलेल्या माणसांची चित्रं काढायला लागल्या. आमच्याकडे जुन्या माणसांचा फोटो म्हणजे बहुधा आधार कार्डावरचा. त्यात सगळेच घाबरलेले दिसतात. दहावा झाला की घरचे ते कार्ड घेऊन यायचे. वहिनी कार्ड बाजूला ठेवायच्या आणि प्रश्न विचारायच्या. हसताना तोंड झाकायचे का? बिडी कोणत्या कानावर ठेवायचे? रागावले की आधी नाक फुगायचं का भुवई चढायची? घरच्यांची मागणी एकच असे, "जरा गोरे काढा." वहिनी म्हणायच्या, "काढते. पण मग घरात आल्यावर कुत्रं भुंकंल त्यांच्यावर."

अशा कितीतरी घरांच्या भिंतींवर त्यांच्या हातची माणसं आहेत. त्यांचा स्वतःचा धड फोटो मात्र आमच्या घरात नव्हता. लग्नातल्या फोटोंत मान खाली आणि मुंडावळ्या. नंतरच्या प्रत्येक फोटोत "मला नका घेऊ" म्हणून पुढं केलेला हात. शेवटचं वर्षभर दादाला ही एकच चिंता होती.

पण आधी शाईचं सांगितलं पाहिजे. सुरुवातीला वहिनी साध्या जलरंगात काम करत. गावातल्या एका म्हातारबांचं चित्र त्यांनी काढून दिलं होतं. चौकट आली होती, काच बसवायची राहिली होती. वर्षश्राद्धाला लेकीनं इतर फोटोंना लावतात तसं ओलं गंध बोटावर घेतलं आणि बापाच्या कपाळावर टेकवलं. रंग विरघळला. घाबरून तिनं पदरानं पुसलं, तसं कपाळ नाकावर उतरलं... ती पोर चित्र छातीशी धरून आमच्या दारात आली आणि म्हणाली, "वहिनी, माज्या हातानं बा पुसला." मी म्हणालो, काच लावायला हवी होती, चूक तिची आहे. वहिनींना ते पटलं नाही. "माणूस आपल्या माणसाच्या कपाळाला हात लावणारच की भाऊजी. कावून अडवायचं काच लावून? रंगच असा पाहिजे का पाण्याला भ्यायला न्हाई पाहिजे."

पुढं कामासाठी संभाजीनगरला गेलो होतो, तेव्हा रंगांच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं ॲक्रिलिक शाई दाखवली. थेंब सोडायची नळी झाकणालाच असलेल्या छोट्या बाटल्या. ओली असताना पाण्यात हवी तितकी पातळ होते, पण एकदा वाळली की पाणी तिचं काही करू शकत नाही. मी चार रंग आणले. वहिनींनी पहिला थर दिला, वाळू दिला, आणि त्याच्यावर ओलं बोट घासलं. बोट कोरंच राहिलं. त्यांनी ते मला दाखवलं, दादाला दाखवलं, शेजारणीलाही बोलावून दाखवलं.

ही शाई सोपी नव्हती. जलरंग चुकला तर ओल्या कुंचल्यानं उचलता येतो. इथं पडलेला थर पडला. म्हणून पाण्यासारखे पातळ थर एकावर एक द्यायचे, उजेडाकडून सावलीकडे जायचं, आणि जिथं चमक हवी तिथं कागद कोरा सोडायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर रेघ पुरी व्हायच्या आत टाकाच्या टोकावर शाई सुकायची. त्यामुळे वहिनी दिवस उगवायच्या सुमारास बसत, मांडीवर ओलं फडकं घेऊन, आणि दर दोन-चार रेघांनी टाक पुसत. दादानं एकदा त्यांची तांबडी बाटली उचलून कोकरांवर खुणा करून टाकल्या. "लई झ्याक रंग हाय," तो मला सांगत होता. "लोकर कातरेपतोर हालत न्हाई." वहिनी चिडल्या. "मेंढराला गेरू लावा, न्हाईतर तुमच्याच पाठीवर खूण करीन." दादा म्हणाला, "कर. हरवलो तर घरी तरी आणतील."

माझा आणि त्यांचा वाद असायचा तो मापाचा. मला सवय आहे, चित्र पाहिलं की माझी नजर अंतरं मोजते. मी म्हणायचो, हा कान खाली आलाय. कधी माझं बरोबर निघे आणि त्या मुकाट्यानं नवा कागद घेत. कधी त्या म्हणत, "त्यांचा होताच खाली. आयुष्यभर डोक्यावर भारा वाहिला." घरचे चित्र न्यायला आले की मी आडून विचारून पडताळा करायचो. हिशेब काढला तर आमचे सामने बरोबरीत सुटले असतील. आता वाद घालायला कुणी नाही...

मागच्या वर्षी वहिनींना पोटाचा आजार निघाला. अंबाजोगाईच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हा तिघांनाही कळलं होतं, आणि तिघंही ते एकमेकांपासून लपवत होतो. एक दिवस दादा मला वाड्याकडं घेऊन गेला, म्हणजे मेंढरांच्या. म्हणाला, "तू बोल तिला, तुजं ऐकती. समद्या मुलखाची तोंडं काढली हिनं. मी काय लावू माज्या भितीला?"

मी बोललो. वहिनी आधी हसल्या. "जित्या माणसाचं तसलं चित्र काढू न्हाई म्हनत्यात." मग म्हणाल्या, "आन् मी घरच्यांना विचारून काढते, भाऊजी. मी कशी दिसते ते मला कोण सांगणार?" मी म्हणालो, घरचं माणूस आहे की, विचारा. त्यांनी खरंच दादाला समोर बसवलं. सवयीनं, इतरांना विचारत तसंच विचारायला लागल्या.

"कपाळ केवढं होतं?"

दादा उखडला. "होतं कावून म्हनती? हाय म्हन."

वहिनींचा हात थांबला. मी दाराकडं बघत राहिलो. मग त्या हळू म्हणाल्या, "बरं. केवढं हाय?"

दादानं पंजा आडवा धरून दाखवलं. मग तो सांगतच सुटला. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. डावी भुवई अर्धीच हाय, नवी होतीस तवा चुलीचा भपकारा आलता. हनुवटीला देवीच्या व्रणासारखा खड्डा हाय, पर देवीचा न्हाई, धाकट्यानं पाटी मारलती. धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. भुवईचं वहिनी स्वतः विसरल्या होत्या. आरसा मागवून त्यांनी खात्री केली आणि म्हणाल्या, "बघा की, हाय अर्धी."

ते चित्र त्यांनी महिनाभर केलं. हात थकायचा, एका दिवसाला एखादाच थर व्हायचा. भुवई अर्धी, हनुवटीचा खड्डा जागच्या जागी. मी मापं घेतली, कुठंही फरक नव्हता. पण नजर त्यांनी खाली काढली होती, पापण्या झुकलेल्या. दादानं चित्र हातात घेतलं, पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाला, "समदं हाय. पर ही माज्याकडं बगतच न्हाई." वहिनी म्हणाल्या, "उंच लावा." दादानं चित्र कपाटावर नेऊन उभं केलं. कोरा कागद बाहेर काढलेला होता, पण दुसरं चित्र काढण्याइतकं बळ वहिनींना परत आलं नाही. "माज्याकडं बगंल असं काढ," असं आपण एकदा तोंडानं म्हणायला पाहिजे होतं, हे दादा तेराव्यापर्यंत मला दोनतीनदा बोलला.

तेराव्याला चित्र मीच लावलं. काच लावली नाही. दारासमोरच्या भिंतीवर, वहिनी म्हणाल्या होत्या तसा उंच, आढ्याच्या खाली खिळा ठोकला, पातळी पाहिली. दादानं वर मान करून बघितलंही नाही, पाहुण्यांना पाणी देत राहिला. संध्याकाळी मी केजला परतलो.

परवा पुन्हा गेलो होतो. दादा मेंढरांना पाला टाकत होता. घरात कुणी नव्हतं म्हणून उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसलो. तिथं एक पाट मांडलेला होता, आधी तिथं पाट नसे. सहज वर पाहिलं... वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी उठून उभा राहिलो, त्यांची नजर जमिनीवर गेली. कॉटवर बसून पाहिलं, नजर भलतीकडे. पाटावर येऊन बसलो, पुन्हा थेट माझ्याकडं. वहिनींनी हे मोजून केलं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही; मोजायचं काम त्यांनी कायम माझ्यावर टाकलेलं होतं. मी तसाच वर बघत बसलो होतो. दादा हात धुऊन जेवणाची ताटली घेऊन आत आला, दारातच थांबला आणि म्हणाला,

"ऊठ बे. तिथं मी बसत असतो."