भांड्यांची परेड

फौजेतून हवालदार म्हणून सुटून गावी आलो. ह्याला काम दिलं नाही तर हा आपल्यालाच कवायत करायला लावील, अशी गावाला धास्ती. म्हणून 'शाश्वत गाव' स्पर्धा आली तशी ती माझ्या गळ्यात मारली. फॉर्मवर रकाने तीन: समाज, अर्थकारण, पर्यावरण.

"आवं हवालदार, शाश्वत म्हंजी काय?" सरपंचबाईंनी विचारलं.

"टिकतं ते," मी ठोकून दिलं.

मग आपल्याकडं टिकलंय काय, ह्यावर तासभर खल झाला. रस्ता टिकला नव्हता. पाण्याची टाकी तर उद्घाटनादिवशीच गळाली होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, "देवळातली भांडी हायत की!"

खरंच की! तांब्यापितळेची पातेली, पराती, डाव. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायची, घासूनपुसून परत आणायची आणि सोबत एक नवं भांडं ठेवायचं, मग ती पळी का असेना. आज्याच्याही आधीपासूनची रीत. भांड्यांना कल्हई करायचा माझा शाळेतला दोस्त. त्याच्या बापानंही ती केली. दोघांनीही गावाकडून कधी मजुरी घेतली नाही.

मी कामाला लागलो. फौजी माणूस! प्रत्येक भांड्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकला. भांडी आडवी मांडली की पाहुण्यांना नंबर दिसला पाहिजे, म्हणून आतून टाकला, चांगला वीतभर. मग देवळाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

परीक्षणाच्या आठवडाभर आधी दोस्त आला.

"त्याच दिवशी लेकीचा निकाह हाय रं. भांडी लागत्यात."

"न्हाई जमायचं गड्या. परीक्षण हाय."

"आरं, सारा गाव जेवायला बोलावलाय. शिजवू कशात?"

"भाड्यानं आण. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"आन् माझ्या?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मला त्याचाच राग आला. 'समाज' रकान्यात हा खोडा घालतोय म्हणून!

परीक्षणादिवशी भांडी तोंडं पाहुण्यांकडं करून नंबरवार मांडली. शहरातनं तीन माणसं आली. मी सॅल्यूट ठोकला. त्यांच्यातल्या मॅडम खूश झाल्या.

"वा! ही वापरता कधी?"

"वापरत नाही मॅडम. जतन करतो."

त्यांनी तिन्ही रकान्यांत काहीतरी भराभरा लिहिलं. भांडी खरकटी व्हायला नकोत म्हणून जेवण मी प्लास्टिकच्या ताटांत वाढलं. पाण्याच्या बाटल्याही प्लास्टिकच्याच.

"गाव कुठं आहे?" एकानं विचारलं.

"कामात हाय," मी म्हणालो. गाव सगळा निकाहाला गेला होता. फोटोत मी आणि भांडी, दुसरं कुणी नाही.

संध्याकाळी बायको लग्नाहून आली ती तोंड फिरवूनच बसली. "भाड्याची डेगची ल्हान निघाली. शेवटच्या पंगतीला भात पुरला न्हाई. हात जोडून हुबा व्हता बिचारा." मी पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. लाज वाटली, लय वाटली.

आठवड्यानं निकाल लागला, आम्ही तालुक्यात पहिले आलो! बक्षीस म्हणून भांडी ठेवायला काचेचं कपाट मिळालं. सरपंचबाईंनी मला नारळ दिला. तो घेऊन मी सॅल्यूट न ठोकताच जाग्यावर येऊन बसलो, पण लोकांना वाटलं वय झालं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटात भांडी लावत होतो, तर दोस्त दारात. हातात कोरी पितळी पळी. ती त्यानं भांड्यांत ठेवली.

"हे काय रं?"

"कार्य झालं न्हवं घरात? रीत हाय."

"आरं, पन तुला भांडी कुठं दिली आमी?"

तो एक नंबरच्या पातेल्यात वाकून बघत होता. आत बोट घासलं, नखानं रंग खरवडला.

"ह्यो रंग कुणी लावला?"

"मी."

"आतनं?"

"नंबर दिसाय पायजे म्हणून..."

"आरं येड्या, ह्यात मान्सं जेवत्यात."

घरी जाऊन त्यानं कल्हईच्या भट्टीचं सामान आणलं आणि देवळापुढंच खड्डा खणून जाळ केला. सगळी भांडी मी कपाटातनं बाहेर काढली आणि न सांगताच भात्याशी जाऊन बसलो.

"हळू मार, हवालदार," तो म्हणाला. "अजून लय भांडी हायत."