अक्कांचं स्टूल

जळगावला सराफाच्या दुकानात भाचीच्या साखरपुड्याची अंगठी बघत होते, तेव्हा दोंडाईच्याहून फोन आला. अक्का गेल्या... दुकानदार विचारत होता, "ताई, हीच देऊ का?" महिना उलटलाय, पण भाचीच्या बोटातली ती अंगठी दिसली की मला अजून अक्काच आठवतात.

अक्का म्हणजे आमच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टर. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा दवाखान्यात मी नवी नर्स म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू जेवस का नही व? बाळंतीन बाया धरी धरी तुना हात मोडी जातीन." बोलणं असं फटकळ, पण तोवर डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकलेली होती. बाळंतपणाच्या खोलीतलं टेबल उंच होतं. पाड्यांवरच्या ठेंगण्या पोरींना कळा सोसत त्यावर चढता यायचं नाही. अक्कांनी सुताराकडून एक रुंद लाकडी स्टूल करून घेतलं. घाई नको, रुबाबात चढायचं, असं पोरींना बजावायच्या.

मग ती खोलीच बंद करायचा हुकूम आला. इथे बाळंतपणं कमी होतात म्हणे; टेबल तालुक्याला जाणार, आम्ही नर्सेसही. तालुका जीपने तासाभरावर. ही खोली नव्हती त्या काळात त्याच वाटेवर एक बाळंतीण अक्कांच्या मांडीवर गेली होती. ते त्या कधी विसरल्या नाहीत. आम्ही अर्ज केले, काळ्या फिती लावल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. टेम्पो दारात आला त्या सकाळी अक्कांनी स्टूल ओढलं, चपला काढल्या आणि टेबलावर मांडी घालून बसल्या. अंगाने चांगल्या भरलेल्या! हमालांना म्हणाल्या, "आधी माले उचला, मंग टेबल ली जा." आम्ही सगळ्याजणी भोवती उभ्या. हमाल हसायला लागले, टेबल न्यायला आलेले तालुक्याचे साहेब लालबुंद.

दुपार झाली तरी त्या हलल्या नाहीत. तेवढ्यात पाड्यावरची एक म्हातारी सुनेला धरून आत आली. "अक्का, उतर व माय! पोरीले आते दम नही शे." अक्का इतक्या झटकन उतरल्या, की साहेबांनाच बाजूला व्हावं लागलं. थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तसा टेम्पोवाला म्हणाला, "मी नाही बुवा नेत हे टेबल." तो रिकामाच परतला. साहेबही गेले. खोली राहिली.

निवृत्तीनंतर अक्का मुलाकडे दोंडाईच्याला राहायला गेल्या. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "खोली शे ना?" मी "शे" म्हटलं, की मगच स्वतःच्या दुखण्याचं बोलायच्या. आता तो प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात तोच हुकूम पुन्हा आला... आणि काल टेम्पो. अक्कांचं स्टूल मधोमध झिजून गुळगुळीत झालंय. ते ओढलं, चपला काढल्या आणि टेबलावर चढून बसले. पण माझं वजन ते केवढं, हमालांनी सहज उचललं असतं. म्हणून बाकीच्या दोघी नर्सेसनाही हात देऊन वर घेतलं.