पोटाशी थांबलेला पक्षी

वैनीचा फोन आला तेव्हा मी टिळकवाडीत घरी मेथी निवडत होते. "वन्सं, तुमचं अण्णा गेलं... मागावरच," एवढंच ती बोलली. वडगावला पोचेपर्यंत डोक्यात एकच, हे माझ्यामुळं झालं. लोक म्हणतात, सुमनताई, असं काही नसतं. असतं हो.

माझ्या या थोरल्या भावाला डॉक्टरांनी हातमागावर बसायचं बंद केलं होतं. पण भाचीच्या लग्नात मामानं साडी द्यायची, ती विणूनच उठतो म्हणाला. पदरावर त्याला मालवणचा कालवफोड्या काढायचा होता. लाल चोचीनं कालवं फोडून खाणारा तो पक्षी त्यानं याच भाचीला, माझ्या लेकीला, ती लहान असताना, खांद्यावर बसवून दाखवला होता. मला फोटो मागितला. गेल्या वर्षी लेकीकडं अमेरिकेत गेलते, तिथं खडकावर तसलीच लाल चोच दिसलेली. पक्षी तोच, म्हणून दिला पाठवून. शहाणीच मी! तिकडचा आपल्याचा चुलतभाऊ. अंगभर काळाकुट्ट, बारा महिने त्याच खडकांवर. आपला थंडीपुरता येतो, थव्यानं वाळूत हिंडतो, आणि पोट पांढरंशुभ्र.

पुढं वडगावला गेले तर मागावर काळा पक्षी तयार. माझ्या तोंडाला कुठला धीर! म्हटलं, अण्णा, हा आपला नव्हेच, मालवणच्याचं पोट पांढरं होतं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"मला पांढरंच आठवत हुतं गं. पण फोटो तू पाठवलास... म्हटलं, माझंच डोळं फसलं असतील."

मग मी लाख म्हटलं, असू दे, कोण बघतंय. तो म्हणाला, पोरगी बघंल की. दुसऱ्या दिवशी एकेक धागा ओढून पक्षी उसवला आणि पुन्हा विणायला बसला. वैनी भांडली, मी फोनवर ओरडले. लग्न तोंडावर आलंय, म्हणाला.

साडी अजून मागावर आहे. पदरावरचा पक्षी डोक्याकडून खाली विणत येतात. लाल चोच झालीय, काळी पाठ झालीय, पोटाशी काम थांबलंय. पांढऱ्या रेशमाची कांडी अण्णानंच भरून ठेवलेली, तशीच शेजारी पडलीय. वैनी म्हणते, शेजारचे विणकर पुरी करून देतो म्हणतात, फक्त पोटाचा रंग तेवढा तुम्ही सांगा.

पांढरा, एवढंच सांगायचंय... तोंड उघडवत नाही.