कान माझेच होते

आमच्या बोईसरच्या कॉलनीत गाण्यातलं कळणारा माणूस म्हणून माझा मोठा बोलबाला होता. तो मीच केला होता. त्यामुळे पालघरच्या दुकानात परदेशी सीडी प्लेअर आल्याचं कळताच मी बायकोला घेऊन ऐकायला गेलो.

दुकानदाराने चपला काढायला लावून आम्हाला गालिचा अंथरलेल्या खोलीत बसवलं. आधी साध्या प्लेअरवर सतार ऐकवली, मग तीच सतार महागड्या परदेशी प्लेअरवर. दोन्ही वेळा मी डोळे मिटून मान डोलावली.

"जाणकाराला फरक लगेच कळतो," तो म्हणाला.

मी दोन्ही पुन्हा वाजवायला लावले. बायकोने कोपराने ढोसलं. "हो म्हणा की! कॉलनीत काय सांगाल?"

"मला तरी सारखंच वाटलं," मी म्हणालो.

"साहेब, कामाला कुठे?"

"कापड कारखान्यात. मागांवर."

"मग बरोबर. त्या खडखडाटात कान गेले तुमचे."

गेले असतील. पण ऐकायचं याच कानांनी होतं. मी साधा प्लेअर बांधायला सांगितला.

"वहिनी, तुम्ही तरी समजवा यांना," दुकानदार म्हणाला.

मघाशी ढोसणारी माझी चिंचणीची बायको चपला घालत म्हणाली, "कान गेले तर गेले. तुमचे लावून घरी नेऊ काय? त्यांना आवडला ना, तोच द्या. मला पण फरक नाय कळला."

कॉलनीत विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. बोलबाला गेला. सतार मात्र रोज वाजायची, जरा मोठ्या आवाजात.