कोनाड्यातला देव

त्या संगमरवरी कोनाड्याचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. न्यू जर्सीत पोलीस डिटेक्टिव्ह म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. चोर पुष्कळ पाहिले, पण इतका निगरगट्ट दुसरा भेटला नाही.

खबर इटालियन वंशाच्या एका आजींनी दिली. वेस्ट विंडसरमध्ये मराठी शेजाऱ्यांकडे त्या गणपतीच्या दर्शनाला गेल्या आणि मूर्तीऐवजी ती ज्यात बसवली होती त्या कोनाड्याकडेच बघत राहिल्या. दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले देवदूत, मध्ये लहानशी चौकट. साडेपाचशे वर्षांपूर्वी इटलीत चर्चच्या भिंतीत असे कोनाडे बसवत. आत पवित्र भाकर ठेवायची. भाविकांच्या लेखी ती साक्षात देव.

चोरीच्या वस्तूंच्या फोटोंत तसाच कोनाडा सापडला, एका खेड्यातल्या चर्चमधून कापून नेलेला. खात्रीसाठी मागची बाजू बघणं भाग होतं. घरच्या काकू आडव्या आल्या.

"सॉरी, पण उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलवायची नाही. दीड दिवसाचाच आहे, उद्या या."

माझा गोरा सहकारी वॉरंटची भाषा करू लागला. मी त्याला गाडीत नेऊन बसवलं. दगड कुठे पळून जाणार होता?

दुसऱ्या दिवशी विसर्जनानंतर कोनाडा उतरवला. विकणाऱ्याने तो समोरून घासून चकचकीत केला होता. मागे कोण बघतंय, म्हणून तिकडे हातही लावला नव्हता. तिथे निळा गिलावा चिकटला होता. चर्चच्या फोटोत भगदाडाभोवती तोच निळा रंग.

विकणारा शेजारच्या एडिसन गावातला जुन्या वस्तूंचा दुकानदार. जुन्या बंगल्यातून घेतला म्हणाला, बंगल्याच्या खिडक्यांचंही वर्णन केलं. खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगतो. गिलावा समोर ठेवल्यावर मात्र कबूल झाला: इटलीत जाऊन, स्वतः उभं राहून कापून घेतला होता.

"आत काही होतं?" मी विचारलं.

"शिळ्या भाकरीचे तुकडे. कचऱ्यात टाकले." वर म्हणतो, "बिघडलं काय? आताही लोक त्याच्यापुढे हातच जोडतात ना?"

हात उगारला जाऊ नये म्हणून मी खोलीबाहेर गेलो.

काकूंनी खोदून विचारलं तेव्हा सांगावं लागलं.

"म्हणजे त्यांचा देव कचऱ्यात टाकला, आणि तिथे आमचा बसवायला दिला?"

कोनाडा परत गेला. चोरी इटलीत झालेली, म्हणून इथे दुकानदाराला फक्त चोरीचा माल बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. कायदा किती तोकडा असतो ते मला या प्रकरणाने शिकवलं. आरोपपत्रात दगडाचं वर्णन होतं, मापं होती. त्या भाकरीबद्दल एक ओळही लिहिता आली नाही. कायद्याच्या लेखी तो कचराच होता.