शिंपडलेलं तरट

"तिथंच टाक. उंबऱ्याच्या बाहेर."

मालक असं म्हणाला आणि माझ्या बायकोनं तागाच्या तरटाची गुंडाळी फरशीवर ठेवली. मागं सरली. मालकानं वरनं पाणी शिंपडलं, मगच गड्यानं ती उचलली.

शाहूपुरीतला कारखाना. मी तिथं झाडलोट करायचो. शिवाशिव बंद झाल्याचा कायदा आला होता, पण त्या उंबऱ्याच्या आत न्हाय. तरट राळेत बुडवायचं, पदरावर पदर रचून तापल्या प्रेसमध्ये दाबायचं. लाकडापेक्षा कडक तक्ता व्हायचा. त्यातनं इंजिनाची दातेरी चाकं कापायची होती. बायको मलकापूरकडची, माहेरी ताग कातून विणायचे. म्हणून तिला काम दिलं. आम्ही मांग. काम पायजे, हात नको.

तक्त्याची पट्टी शिकंज्यात धरून वजन टांगलं. मोडली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे पदर सुटले.

"मांगिणीच्या हाताला वीणच न्हाय," मालक सगळ्यांपुढं म्हणाला.

तिनं मान खाली घातली. मीबी.

प्रेसवरचा मिस्त्री भला. म्हणाला, "मालक, कापड ओलं जातंय. ओल्याला राळ धरत न्हाय की." पुढच्या खेपेला त्यानं शिंपडायच्या आधीच एक तुकडा कापून घेतला. त्याचा तक्ता दाबून पट्टीला वजन टांगलं. वाकली, पण मोडली न्हाय.

वाटलं, आता तरी माणूस लाजंल. मालकानं पाण्याचं डबडं पायानं तिच्याकडं सरकवलं. "आता घरनंच शिंपडून, वाळवून आणायचं. कसं शिंपडशील, दाखव बघू."

तिचंच सूत, तिच्याच हातानं बाटलेलं ठरवायचं. तिनं डबडं उचललं.

मी तिच्या हातनं डबडं घेतलं, गटारात ओतलं. गुंडाळी मालकाच्या छातीपुढं धरली.

"हातात घ्या. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

"माज आला काय रे?"

"व्हय. उशिरा आला."

त्यानं घेतली न्हाय. आम्ही गुंडाळी घेऊन निघालो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "वीण बरी हुती न्हवं?"

"घट्ट हुती," मी म्हणालो.

त्याला लई वर्सं झाली. ती वारली, महिना झाला. जावई म्हणतो, "मामा, मेलेल्या गोष्टी कशाला उकरता?" मेल्या कुठं? लांबनं टाकायला लावणारे अजून हायत. मी जिता हाय तवर माझ्या घरातलं कुणी कुणाच्या पायाशी काय ठेवणार न्हाय. आमचं काम पायजे त्यानं आमच्या हातातनं घ्यायचं. न्हायतर त्याचं चाक बंद पडू दे.