दिनकर पडला, असं सगुणा म्हणते

सकाळी आठच्या सुमारास आमच्या वाचकांच्या ग्रुपवर विलासदादांच्या नावानं मेसेज आला. ‘विलास उतेकर आज पहाटे गेले.’ नाव त्यांचं, फोटो त्यांचा, आणि बातमीही त्यांचीच. क्षणभर वाटलं, दादांची ही नेहमीची खोडी... कादंबरीतलं कुणी मेलं की ते असंच लिहायचे, ‘अमुक गेला. पण बघितलं कुणी?’ मी हसरा चेहरा टाकणार होते, तेवढ्यात दुसरी ओळ उमटली. ‘मी अक्षता, त्यांची मुलगी लिहितेय.’ गॅसवरचा चहा उतू गेला तरी मी तशीच उभी होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

आमची ओळख महाडच्या वाचनालयातली. मी पोलादपूरच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि ते तिथल्याच एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, पण पोलादपुरात आम्ही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. एका रविवारी वाचनालयातल्या बाईंनी तक्रारीच्या सुरात एक पुस्तक माझ्यापुढे धरलं. चार भागांच्या कादंबरीचा तो दुसरा भाग होता; पुढचे दोन अजून यायचे होते. घाटातल्या एका घराची गोष्ट, आणि प्रत्येक प्रकरण घरातल्या एकेकाच्या डोळ्यांनी सांगितलेलं. त्या माणसाला जेवढं दिसतं आणि कळतं, तेवढंच वाचणाऱ्याला मिळतं. त्या प्रतीत प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर कुणीतरी पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते : ‘कोण बघतंय?’ ते कुणी लिहिलं म्हणून मी विचारत होते, तर मागे रांगेत उभा असलेला, खाकी पँटीतला, उंच, जरा वाकलेला माणूस म्हणाला, “मी. खोडून देतो. पण बाई, प्रश्न बरोबर हाय की नाय?”

दुसऱ्या भागाच्या शेवटी घरातला धाकटा, दिनकर, मध काढायला कड्यावर जातो आणि पडतो. ते प्रकरण त्याच्या वहिनीच्या, सगुणाच्या नजरेतलं. बहुतेकांनी ते वाचलं, हळहळले आणि दिनकरला विसरले. दादा विसरले नाहीत. “दिनकर पडला असं लेखिका कुठं म्हणते? सगुणा म्हणते. आणि सगुणा कुठं उभी हाय? खळ्यात. खळ्यातनं कडा दिसतो, कड्याखालचं नाय दिसत.” ग्रुपवर आम्ही नऊजण होतो आणि पुढं काय होणार याचे अंदाज रोज चालायचे. दादांचा अंदाज एकच होता : दिनकर जिवंत आहे, चौथ्या भागात तो घरी येणार.

मी त्यांच्या विरुद्ध बाजूला होते. इतकी वर्षं शिकवण्यात गेलेली. लेखिका काय करील हे मला कळतं, असा माझा समज होता. सगुणा प्रामाणिक आहे, तिचं दिनकरवर प्रेम आहे, ती खोटं कशाला सांगेल? त्यावर दादा म्हणायचे, “खोटं बोलते असं कोण म्हणतंय? प्रामाणिक माणूस बी चुकतो. खोटारड्याला निदान खरं काय ते ठाऊक तरी असतं.” तिसरा भाग आला आणि आमचे बहुतेक अंदाज साफ आपटले. थोरल्या भावानं जमिनीचे कागद चोरले, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, कारण आजीनं त्याला पेटी उघडताना पाहिलं होतं. तो कागद काढत होता की ठेवत होता, हे आजीला दिसलेलंच नव्हतं. तिचा संशय होता, आणि आम्ही दोन वर्षं त्याला पुरावा समजून बसलो होतो. त्या दिवशी दादांचा फोन आला. इतका आनंदी आवाज मी त्यांचा पुन्हा कधी ऐकला नाही. “बघा बाई! म्हणजे सगुणा पण...” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ते मला आणि माझ्या मिस्टरांना पाचाडला घेऊन गेले. मला वाटलं, गडावर जायचं असेल. पण त्यांनी एका खानावळीत पिठलं-भाकरी सांगितली आणि मला मागच्या अंगाला, भांडी घासायच्या जागेपाशी उभं केलं. समोर वाळक्या गवताची चढण, वर खडकाची एक पायरी. “इथनं हलायचं नाय. तुम्ही सगुणा,” म्हणाले आणि चढू लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण झपाझप गेले. खडकाच्या टोकाशी उभे राहिले, हात वर केला... आणि दिसेनासे झाले. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझा आवाज ऐकून खानावळीची बाई हात पुसत बाहेर आली, “काय झालं गो?” आणि मी म्हणाले, “पडले ते!” तिनं आत जाऊन सांगितलं, माणूस कड्यावरनं पडला. दोन गिऱ्हाइकं ताटावरून उठून पळाली. माझे मिस्टर चप्पल न घालता त्यांच्या मागे धावले.

दादा पाचेक मिनिटांनी दुसऱ्याच बाजूनं, कपड्यांवरचं गवत झटकत आले. खडकामागे नुसते आडवे झाले होते. त्या दोन गिऱ्हाइकांनी त्यांना चांगल्या शिव्या घातल्या, आणि मीही काही कमी बोलले नाही. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “काय काय दिसलं ते सांगा. पहिल्यापासनं.”

“हात वर केलात. मग दिसला नाहीत.”

“पडताना बघितलंत?”

“...नाही.”

“मग पडले असं का म्हणालात?”

त्यांचे डोळे भरून आले होते. वाळकं गवत, धूळ, वारा... मी तसंच समजले. परतताना गाडीत मिस्टर म्हणाले, “एका पुस्तकासाठी एवढं?” आणि आम्ही दोघं हसलो. दादा पुढच्या सीटवर होते. त्यांनी ऐकलं असणार.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांच्या गावाहून, कापड्याहून, महाडला डायलिसिससाठी यायचे. मी कधीमधी जाऊन बसायचे. हाताला नळ्या लावलेल्या आणि बोलणं मात्र चौथ्या भागाचं. “कधी येणार म्हणतात?” मला वाटायचं, दुखण्यातून मन काढायला माणसाला असं काहीतरी लागतंच. एकदा म्हणाले, “बाई, एवढं एक कळलं की झालं.” मी म्हणाले, “तुम्ही हरणार आहात, तयारी ठेवा.” ते कसनुसं हसले.

चौथा भाग आला तेव्हा पुण्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं पहिल्याच दिवशी प्रत पाठवली. दोन दिवसांत वाचून काढली. शेवटून तिसरं प्रकरण दिनकरचं होतं. तीन भागांत त्याच्या नजरेतून एकही प्रकरण नव्हतं, आणि आता कड्यावरचा तो दिवस त्याच्याच डोळ्यांतून. पायाखालचा दगड निसटतो, खालची झाडं जवळ येतात आणि वाक्य मध्येच थांबतं. पुढचं पान कोरं. शंकेला कुठंही जागा उरलेली नव्हती. मी तिथल्या तिथं दादांना फोन लावला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. जिंकल्याचा आनंद.

“दादा, हरलात! मेला तुमचा दिनकर.”

त्यांनी विचारलं, “कोणाच्या डोळ्यांतनं हाय ते?”

“त्याच्याच.”

फोनवर नुसता पागोळ्यांचा आवाज येत राहिला. “बरं,” ते म्हणाले. “मग संपलं.” मी पुस्तक पाठवते म्हटलं तर म्हणाले, “नको. आता नको.” मला वाटलं, रुसले. संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा : ‘विलासदादांनी हार मान्य केली आहे, पेढे त्यांच्याकडून!’ त्याला त्यांचं उत्तर आलं नाही. अठराव्या दिवशी अक्षताचा मेसेज आला.

तेराव्यानंतर मी कापड्याला गेले. लावण्या उरकल्या होत्या, बांधांवर माणूस नव्हतं. रंजनावहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी दादांच्या वाचनाचं, कादंबरीचं काहीबाही बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “तुमाला संजूभावजींचं ठाव नाय का?”

नव्हतं. दहा वर्षांच्या ओळखीत दादांनी मला त्यांना धाकटा भाऊ असल्याचं सांगितलं नव्हतं. संजय मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. सोळा वर्षांपूर्वी वादळात ती बोट कलंडली. बाकीचे वाचले, संजय सापडला नाही. शेजारच्या वाडीतला तुकाराम त्याच बोटीवर होता. तो आधी म्हणाला, लाट आली आणि मग संजू दिसला नाही. आठवड्यानं म्हणाला, संजू बुडाला. “हे त्याच्याकडं सारखं जायाचे,” वहिनी म्हणाल्या. “एकच इचारायचे, तू कुठं उभा होतास? तोंड कोनीकडं होतं? बुडताना बघितलंस का? त्यो बिचारा रडायचा. शेवटी त्याच्या बायकोनं सांगितलं, परत येऊ नका.” सासूबाई वाट बघतच गेल्या. भावकीनं कितीदा सांगितलं, क्रिया करून टाका, पोरगा अडकून पडलाय. दादांनी होऊ दिलं नाही. जिवंत माणसाचं कसं करायचं, म्हणायचे.

“आनि तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वताच म्हनाले, भटजींना बोलव.” दर्भाचा पुतळा करून नदीकाठी संजयला अग्नी दिला. भर पावसात, दोघांनी धरून त्यांना उभं केलं होतं. त्यानंतर ते डायलिसिसच्या दोन खेपांना गेले नाहीत. वहिनी म्हणतात, पाणी वाढलं होतं, गाडी मिळाली नाही. आतून चहा घेऊन आलेली अक्षता तिथंच थांबून म्हणाली, “आई, गाडी दारात आली होती. बाबांनी परत पाठवली.” वहिनी म्हणाल्या, “तू घरात होतीस, मी हितं होते.” मी मधे काय बोलणार? मला फक्त फोनवरचा तो एक शब्द, ‘बरं’, ठाऊक होता. तो शब्द कुठल्या चेहऱ्यानं उच्चारला गेला, हे मी पाहिलेलं नव्हतं. माझ्या एका फोननं हे घडलं की माणूस सुयांना कंटाळला होता, हे मला कुणीच सांगू शकत नाही. विचारायचं ज्यांना, ते गेले. आणि खरं सांगायचं तर उत्तर मिळालं असतं तरी त्यानं काही फरक पडला नसता.

निघताना ओटीच्या कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक नवंकोरं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं. वहिनींनी सांगितलं, घर बारा वर्षांपूर्वी नवं बांधलं, स्लॅबचं, पण पुढचं दार दादांनी जुनंच बसवलं होतं. सगळं बदललं तर संजूला घर कळायचं नाही म्हणून. नदीवरून आले त्या संध्याकाळी त्यांनी सुताराला नव्या दाराचं माप दिलं. दार आलं ते त्यांच्या दहाव्याला.

“बसवू का नको, बाई?” वहिनींनी विचारलं. “तुमी सांगा. तुमी शिकलेल्या.”

पाऊस वाढला तशी मी छत्री उघडून पायऱ्या उतरले. मागे वहिनी जुनं दार लावत होत्या. पावसानं फुगलेलं ते दार चौकटीत बसत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी ते उचलून धरलं, खांदा लावला, पुन्हा लावला... आणि मग तसंच अर्धं उघडं ठेवून त्या आत गेल्या.